सुगंधाबाईच्या जागी आरसा

दैवशालाच्या बॅटरीच्या गाडीचे दोन्ही आरसे घरच्याच एडक्यानं फोडले. गाडी येऊन आठ दिवसही झाले नव्हते. अंगणात उभ्या गाडीच्या आरशांत त्याला परका एडका दिसला, तोही एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं, आणि त्याला ते खपलं नाही. काचा तर गेल्याच, पण आरशाची दांडी ज्या भोकात फिरवून बसवतात त्या भोकांचे आटेही गेले. एडक्याच्या शिंगाला साधा ओरखडा नव्हता. तो दिवसभर निवडून आल्यासारखा हिंडत होता.

"आरसा काय करायचाय?" सासू सुगंधाबाई म्हणाली. "मी बसते की मागं. मी बगत जाईन. माझे डोळे तर न्हाई ना फोडले कुणी?"

दैवशाला पशुसखी होती. देवगाव फाट्याजवळच्या वस्तीवर राहायची आणि आसपासच्या गावांत फिरून शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायची. नवरा बबलू, चाळिशी गाठली तरी नाव बबलूच राहिलेला, मेंढरं घेऊन रानात असायचा. सुगंधाबाई सोबत यायची ती हौसेनं नव्हे, कामाला. जनावर धरावं तर तिनंच. वय सहासष्ट, पण तिनं एकदा बोकड गुडघ्यांत दाबला की तो बोकड जन्माला आल्याचा पश्चात्ताप करायचा. एकीनं धरायचं, एकीनं टोचायचं. काम कसं झटपट व्हायचं.

दुःख एकच होतं. लोक हसायचे. वालूरच्या बाजारगल्लीतून ह्या दोघी निघाल्या की चहाच्या हॉटेलापासून पिठाच्या गिरणीपर्यंत हसू पसरत जायचं. गाडीला आवाज नाही, त्यामुळं ते सगळं नीट ऐकू यायचं. दैवशालानं पदर तपासला, चाकात तर जात नाही ना. पाठीला काही चिकटलंय का ते शेजारणीकडून बघून घेतलं. काही नव्हतं. मग तिनं मनाशी ठरवून टाकलं की बाई गाडी चालवते म्हणून हसतात.

"आत्याबाई, लोक कामून हसायलेत?"

"दात आलेत मनून हसायलेत. तू समोर बग."

शेवटी तिनं बाजारगल्लीच सोडली. स्मशानाच्या मागून दगडाधोंड्यांचा रस्ता होता, तिकडून वळसा घालून ती जायला लागली. तिथं हसायला कुणी नव्हतं. जे होते ते हसण्यापलीकडं गेलेले.

असं करत गाडी येऊन सहा महिने झाले. मग एका सकाळी देवगाव फाट्याच्या अलीकडं उजवीकडं वळायचं होतं. दैवशालानं विचारलं, "आत्याबाई, मागं कोण हाय का?"

"कोणी न्हाई. घे."

तिनं वळवली. त्या 'कोणी न्हाई'ला दोन ट्रॉल्या ऊस जोडलेला होता. ट्रॅक्टरचा भोंगा कानाजवळ वाजला, दैवशालानं हँडल परत डावीकडं ओढलं आणि गाडी सरळ नालीत उतरली. दैवशाला गवतावर पडली. सुगंधाबाई बेशरमीच्या झुडपात बसल्यासारखी पडली आणि लसीच्या डब्यातला बर्फ तिच्या मांडीवर आला.

"तुमी बगितलं व्हतं का मागं?" दैवशालानं उठून पहिला प्रश्न हा विचारला.

"बगितलं व्हतं की."

"मंग एवढा ऊस दिसला न्हाई?"

"त्या टायमाला मी दुसरीकडं बगायले व्हते," सुगंधाबाई बर्फ झटकत म्हणाली. "माणसाला दोनच डोळे असतेत."

दैवशालानं नालीतून गाडी उचलली, ढकलत फाट्यावर नेली आणि सुगतच्या दुकानासमोर उभी केली.

सुगत दुचाकीची कामं करायचा. बोलायला गोड, पण कामात इतका काटेकोर की गिऱ्हाईक रडकुंडीला यायचं. त्यानं आट्यांच्या भोकात बोट घालून बघितलं. "ह्यात आता दांडी बसायची न्हाई वैनी. बसली तरी खड्ड्यात गाडी आदळली की फिरंल. हँडलच्या नळीवर पट्टी आवळून बसवू." मग त्यानं चार आरसे काढून फळीवर मांडले.

सुगंधाबाई लांब उभी होती. तिला राग आला होता. सहा महिने सांभाळलेली जागा एका काचेला मिळणार होती. पण चार आरसे समोर असताना लांब उभं राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं पहिला उचलला. "ह्यात माझं नाक कसं वांग्यावानी दिसायलंय!"

"मावशी, ती काच फुगीर हाय. फुगीर काचंत रस्ता जास्त दिसतो. फक्त गाडी हाय त्यापेक्षा लांब वाटती, तेवढं ध्यानात ठेवायचं."

"मंजे खोटं दाखवती."

"सपाट काच खरं दाखवती, पण थोडंच दाखवती."

सुगंधाबाईनं बदामाच्या आकाराचा लाल कडांचा आरसा धरला आणि त्यात दाढेतली सुपारी काढली. "हा घे. चांगला हाय."

"त्यात तुमची दाढ मावली आत्याबाई, ट्रॅक्टर कुठं मावणार?" दैवशालानं गोल, मोठा, फुगीर काचेचाच घेतला. सुगतनं नळीभोवती रबराचा तुकडा गुंडाळला, वायर दबू नये म्हणून पट्टी जरा आत सरकवली आणि पान्यानं आवळली. मग दैवशालाला गाडीवर बसवलं.

"आता मावशी, तुमी बी बसा."

"मी कशाला? आता आरसा आलाय की."

"दोघी बसल्या की गाडी मागून दबती. आरसा दोघींच्या वजनावर लावावा लागतो."

वजनाचा उल्लेख सुगंधाबाईला आवडला नाही, पण ती बसली. सुगत आरसा बोटभर फिरवायचा, दैवशालाला काय दिसतं विचारायचा, परत फिरवायचा. "तुमचा खांदा कडंला जरासा दिसला पायजे. बाकी सगळा रस्ता." अर्धा तास हा उद्योग चालला. खांदा दिसला, रस्ता दिसला आणि खांद्याच्या मागं सुगंधाबाईचं अर्धं तोंडही दिसायला लागलं. त्याला इलाज नव्हता. बाई रुंद होती.

उजवीकडं आरसा असल्यामुळं दैवशालाला हुरूप आला. वालूरला जायचं होतं, तर तिनं स्मशानाचा रस्ता सोडून सरळ बाजारगल्ली धरली. हॉटेलापाशी पूर्वीसारखं हसू सुरू झालं. तिनं आरशात बघितलं.

आरशात सुगंधाबाई होती, लोकांना दिसावं म्हणून उजव्या कडेला सरकलेली. तिनं पाठ खांबासारखी ताठ केली होती, हनुवटी वर काढली होती, ओठ आवळले होते आणि दोन्ही हातांनी हवेतलं हँडल धरलं होतं. जणू मागंही दैवशालाच गाडी चालवत होती, फक्त सहासष्ट वर्षांची. मग तिनं हँडल सोडून दोन्ही बाजूंच्या लोकांना हात जोडले, गिरणीवाल्या बन्सीधरला जीभ काढून दाखवली आणि परत हँडल धरलं. बन्सीधर पिठाचा डबा धरून वाकला होता आणि पोट दाबून हसत होता.

दैवशालाच्या कानांपर्यंत रक्त चढलं. गाव संपलं तशी तिनं बाभळीखाली कचकन ब्रेक दाबला. सुगंधाबाईचं नाक तिच्या पाठीवर आदळलं.

"तुमी माझी नक्कल करायलाव?"

सुगंधाबाईनं नाक चोळलं. नाकारायला जागा नव्हती. "मंग काय करू? सा महिने झाले तुझी पाठ बगायले. ब्लाउजचे टाके मोजून झाले. माणसानं मागं बसून करायचं काय?"

"मागं बगायचं! त्याच्यासाठी बसवलं व्हतं तुमाला! आन मी येडी, मला वाटायचं लोक मला हसायलेत. इतके दिस मी मसणवट्यातून जायले, आत्याबाई. दगडातून. का, तर लोक हसतेत मनून."

"मला वाटलं, तुला तिकडल्या चिंचा आवडतेत."

हे सुगंधाबाई मनापासून म्हणाली होती. पण दैवशालाला आणखी एक थट्टा वाटली. "उद्यापासून तुमी घरीच ऱ्हावा," ती म्हणाली. घरी जाईपर्यंत मागं कुणी हात हलवला नाही. आरशात नुसता रस्ता दिसत होता आणि अर्धं तोंड, ते दुसरीकडं वळलेलं.

दुसऱ्या दिवशी दैवशाला एकटी निघाली. वालूरच्या शिवारात चंद्रभानच्या बावीस शेळ्या होत्या. बाजारगल्लीत कुणी हसलं नाही. पण हॉटेलवाल्यानं विचारलं, "म्हातारी कुठाय?" बन्सीधर गिरणी बंद करून बाहेर आला. "काय वैनी, मावशी बेजार हाय का?" औषधाच्या दुकानातली धम्मशीला, जी कधी कुणाशी बोलत नसे, तिनंसुद्धा काचेवर टकटक करून हातानंच 'कुठं गेली?' म्हणून विचारलं. प्रत्येकाला "घरी हायत" सांगता सांगता दैवशालाचा जीव मेटाकुटीला आला.

चंद्रभान म्हणाला होता मी धरतो, पण त्यानं शेळी पाहुणी आल्यासारखी धरली. पहिलीनं त्याला कुंपणावर ढकललं. तिसरीच्या वेळी सुई त्याच्याच धोतराला टोचली. नशीब, पुढं काही झालं नाही. पण एवढ्यात शेळ्यांचं आपसात ठरल्यासारखं झालं आणि काळा बोकड दैवशालाला दोरीसकट गोठ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लेंड्यांतून ओढत घेऊन गेला. दुपारपर्यंत सात झाल्या.

"मावशीला आणा," चंद्रभान लांबून म्हणाला. "न्हाई तर मला बी लस द्या."

घरी आली तेव्हा सुगंधाबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. शेजारच्या चार बायांना तिनं आधीच सांगून टाकलं होतं की सुनेनं मला काढून आरसा ठेवला. सुनेकडं बघून ती म्हणाली, "लेंडी लागलीय. कपाळाला."

दैवशालानं कपाळ पुसलं. "सात झाल्या."

"बावीसातल्या?"

"हं."

"काळा बोकड व्हता का? एक शिंग मोडलेला?"

"त्यानंच वढलं."

"त्याला कानाला न्हाई धरायचं. त्याला मागून धरायचं, मागल्या पायाला." सुगंधाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग ओट्याकडं बघतच म्हणाली, "मसणवट्याचं मला ठाऊक न्हवतं गं. खरंच न्हवतं. आदीच बोलली असतीस तर मी त्या बाजारगल्लीतून तुला वाजतगाजत नेलं असतं. माझं काय, मला बसवत न्हाई गप."

दैवशाला तिच्या शेजारी टेकली. राग होता, पण सकाळपेक्षा कमी. आणि अंग दुखत होतं.

"माझी मान एवढी ताठ नसती," ती म्हणाली.

"असती."

"नसती आत्याबाई."

"चल, बस गाडीवर. आरशात बग."

ती अंगणातल्या गाडीवर बसली आणि हँडल धरून आरशात बघितलं. काय करणार, मान ताठच होती. ओठसुद्धा आवळलेले होते, जणू गाडी नाही, पेटती चूल डोक्यावर घेऊन निघालीय. तिला हसू फुटलं, ते दाबता दाबता नाकातून बाहेर आलं, आणि सुगंधाबाई तर ओट्यावर आडवीच झाली.

शनिवारी चारठाण्याचं काम होतं. परमेश्वर नावाच्या माणसाची पंचवीस मेंढरं. दोघी निघाल्या. अटी ठरल्या होत्या. वळण आलं की नक्कल बंद, मागं बघायचं काम आरशाचं असलं तरी सुगंधाबाईनंही बघायचं आणि 'कोणी न्हाई' म्हणण्याआधी खरंच बघायचं. बाकी मोकळीक.

गावात शिरताच पारावरची माणसं हसायला लागली. दैवशालानं आरशात बघितलं. मागं पाठ ताठ, हनुवटी वर, हवेतलं हँडल. तिनं स्वतःची पाठ आणखी ताठ केली. हनुवटी इतकी वर नेली की रस्ता नाकाखालून बघावा लागला. मागच्या बाईनं आपलीही तशीच वर नेली. मग पुढची किंचित डावीकडं झुकली, मागचीही झुकली. पारावरचा एक म्हातारा हसता हसता पायरीवरून खाली बसला आणि त्याची टोपी गळून पडली.

तेवढ्यात एक बाई दोरीला शेळी धरून मधे आली आणि तिनं हात आडवा केला.

"ओ, तुमीच का त्या नाटकवाल्या शेळीच्या डाक्टरणी? वालूरची माझी भैन मनली, हसू ऐकू आलं की पळत जा. आमच्या हिला तीन दिस झाले, चारा न्हाई."

दैवशालानं गाडी बाजूला लावली. ती डबा उघडेपर्यंत सुगंधाबाई खाली उतरलेली होती, पदर खोचलेला होता आणि शेळी तिच्या गुडघ्यांत होती.

"आटप," ती म्हणाली. "लय लाथा मारायली भवानी."