भीतीचा रकाना

वादळानंतर नवव्या दिवशी नुकसानीच्या पाहणीसाठी भाचीच आली, तेव्हा आत्याला हायसं वाटलं. सरकारी माणूस येणार होता हे ठाऊक होतं, पण तो घरचा निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आई गेल्यावर ही पोर आत्याच्याच घरात, जाळ्यांच्या ढिगावर झोपून मोठी झाली होती.

वस्ती मात्र ताकही फुंकून पीत होती. मागच्या वादळानंतर तीनदा याद्या झाल्या आणि हाती काहीच लागलं नव्हतं. मग आत्याच भाचीला घेऊन दारोदार फिरली. "माझी पोर आहे, खरं ते सांगा," एवढंच म्हणायची. तिच्या शब्दावर लोक बोलू लागले. कुणाच्या होडीचा तळ फुटला होता, कुणाचं इंजिन वाळूत रुतलं होतं. बायकांचे मासे वाळवायचे मांडव आजवर कुठल्याच यादीत धरले नव्हते. भाचीने ते एकेक करून टॅबवर नोंदवले. पोटची असती तरी याहून वेगळं काय करती, असं आत्याला वाटलं.

शेवटी एक प्रश्न असायचा. पुन्हा असं वादळ आलं तर इथे राहायची भीती वाटते का? चार घरं पाण्यात गेलेली. नाही कोण म्हणणार? होड्या बांधणारा म्हातारा सुतार तेवढा 'नाही' म्हणाला. आत्यानेच त्याला दटावलं, उगाच बढाया मारू नका म्हणून. त्याने हसून 'हो' लिहायला सांगितलं.

महिन्याने नोटीस लागली. रहिवाशांनी स्वतःच भीती व्यक्त केल्यामुळे त्यांना समुद्रापासून नऊ किलोमीटर आत घरं मिळणार होती आणि वस्ती रिकामी करायची होती. होड्या नव्या मिळणार होत्या. त्या ठेवायच्या कुठे, याबद्दल चकार शब्द नव्हता.

आत्या बसने भाचीच्या कचेरीत गेली. भाचीने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तो प्रश्न वरून आला होता, असं सांगू लागली.

"तुला माहीत होतं?" आत्याने विचारलं.

भाचीने समोरच्या फाइली सरळ केल्या. "पाहणीच्या तिसऱ्या दिवशी कळलं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी 'नाही' लिहायला लावलं असतं. आत्या, पुढच्या वादळानंतर मला तुझं नाव मेलेल्यांच्या यादीत लिहायचं नाही."

"सुताराकडे आपण चौथ्या दिवशी गेलो होतो," आत्या म्हणाली आणि उठली.

परत आल्यावर तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. भांडायला कुणी आलं नाही, पण पाण्याला जाताना बायका तिच्यासाठी थांबेनाशा झाल्या. हरकतीचा अर्ज घेऊन ती पुन्हा त्याच दारांवर गेली. या वेळी प्रत्येकाने तो आधी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला. निम्म्या घरांनी सह्या केल्या. बाकीच्यांना खरंच भीती वाटत होती. ते लोक आत राहायला गेले. अर्ज केलेल्यांची सुनावणी अजून चालू आहे.

भाचीचा फोन आला की आत्या उचलते, बरी आहे म्हणते. घरी ये, असं मात्र म्हणत नाही.