त्रिशूळ आणि झारा

ब्रह्मपुरीच्या जीप स्टँडवर त्या थंडीत रोज सकाळी जत्रा भरायची, आणि जत्रेचा देव म्हणजे त्रिशूळबाबा. दसरूच्या जुन्या डिझेल जीपचं बॉनेट उघडलं जायचं. लाल फडकं गुंडाळलेला लोखंडी त्रिशूळ बाबा इंजिनात खुपसायचे, चर्रकन ठिणगी उडायची, बायाबापड्या हात जोडायच्या. मग त्रिशूळ तसाच धरून, डोळे मिटून देवीची अकरा नावं, अगदी सावकाश. "मार आता चाबी, बेटा." दसरू चाबी मारायचा आणि पहाटेपासून मुकी बसलेली जीप पहिल्या दमात धडधडायची. नारळ फुटायचे, बाबांच्या गळ्यात हार पडायचे.

रस्त्यापलीकडे गॅरेजच्या दारात उभ्या लच्छू मिस्त्रीचा तिळपापड व्हायचा. का होणार नाही? थंडीत डिझेल पेटायचं तर आधी हीटर प्लग तापावे लागतात, म्हणून त्यानं याच जीपचे चारही प्लग नवे घातले होते. दुसऱ्या सकाळी जीप जैसे थे. आणखी दोन गाड्यांचे प्लग बदलले, त्याही तशाच. आणि जन्मात पाना न धरलेला हा बाबा फुलांनी झाकून जातो! लच्छूचा सारा जन्म काळ्या तेलात गेला, त्याला कुणी फुलाची पाकळी दिली नव्हती. त्याला घास गोड लागेना. "थोतांड आहे," असं तो सांगत फिरला, तर लोक म्हणाले, लच्छू जळते. खोटं नव्हतं ते. जळतच होता तो.

इथवर गोष्ट गाडीची होती. पण दसरूची मुलगी रीना सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराची. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या तिला रोज लागायच्या. बाबांनी फर्मावलं, मेलेली गाडी जिती करतो, तर पोरीचं रगत काय चीज आहे. सोमवारी पोरीला आण, आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद. हे ऐकून लच्छू आपल्या बालमित्राशी, दसरूशी भांडायला धावला.

दसरूनं शांतपणे विचारलं, "तुह्याच्यानं जीप नाई झाली, बाबानं केली. मंग मी कोणाचं आयकू?"

लच्छू मान खाली घालून परतला.

दसरूच्याच जीपनं रोज शाळेला जाणाऱ्या, विज्ञान शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंनी हे भांडण ऐकलं होतं. त्या गॅरेजवर आल्या आणि म्हणाल्या, "लच्छूभाऊ, ठिणगी उडते तवा त्रिशूळाचं एक टोक कुठी असते, अन् दुसरं कुठी?"

लच्छूनं इतके दिवस टक लावून पाहिलं, पण पाहिलं काय, तर हार, गर्दी आणि बाबांची तुपकट दाढी. मत्सरानं त्याला त्या हाताकडे बघूच दिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तो फक्त हात बघत राहिला. दांड्याचं टोक बॅटरीला, त्रिशूळाचं टोक चारही प्लग जोडणाऱ्या पट्टीला. दुपारी जीप परतल्यावर, दसरूच्या नाकदुऱ्या काढून, त्यानं चाबी फिरवून टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट आहे का ते दाखवणारा दिवा लावला. प्लगच्या पट्टीवर अंधार. मागे जात रिलेपाशी आला, बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर दिवा लागला. रिले म्हणजे चाबी फिरली की बॅटरीचा करंट प्लगांना सोडणारी लहानशी डबी. ती आत गंजून गेली होती. दसऱ्याला सगळे ड्रायव्हर गाडी पुजण्याआधी बॉनेट उघडून इंजिनावर पाइपानं धो धो पाणी मारतात. ते पाणी डब्यांत मुरलं आणि थंडी येताच गाड्या मुक्या झाल्या. प्लगात करंट येतो का, हे न बघताच लच्छू प्लग बदलत सुटला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. पण नुसतं सांगून दसरूला पटणार नाही, म्हणून सत्यशीलाबाईंशी बोलून त्यानं सोमवारपर्यंत रिले तसाच ठेवला.

सोमवारी रीना शाल पांघरून पुढच्या सीटवर बसली होती. सत्यशीलाबाईंनी बाबांपुढे बांबूची काठी धरली. मंत्र तोच म्हणा, फक्त त्रिशूळाऐवजी ही लावा, एवढंच त्यांचं मागणं. देवीची परीक्षा घेणाऱ्याचा वंश बुडतो, असं बाबा गरजले. तेवढ्यात लच्छूनं स्टँडवरच्या सुगंधाबाईंच्या हॉटेलातला भजी तळायचा लांब झारा उचलला, त्याला फडकं गुंडाळलं आणि बॅटरीवरून पट्टीला टेकवला. ठिणगी उडाली. डोळे मिटून त्यानं जीपच्या वाटेवरच्या गावांचा जप सुरू केला, "वडसा, कुरखेडा, कोरची... वडसा, कुरखेडा, कोरची... मार चाबी, दसरू."

जीप धडधडली. आपल्या झाऱ्यात देवी कधी शिरली, असं सुगंधाबाईंनी विचारलं आणि स्टँड हसून लोटपोट झाला. मग लच्छूनं सगळं उलगडलं: त्रिशूळ म्हणजे नुसती तार, अकरा नावं म्हणजे प्लग तापायला लागणारा वेळ, आणि आपली स्वतःची चूकसुद्धा. त्यानं जीप बंद करून नवा रिले बसवला, चाबी फिरवताच पट्टीवर दिवा लागतो हे दाखवलं आणि नुसत्या चाबीवर ती पुन्हा चालू केली. बाबांनी मधल्या मध्ये पोबारा केला होता. लच्छूला हार मात्र कुणी घातला नाही, आणि त्याला ते थोडं लागलं.

दसरू जवळ आला. "मंग माह्या रीनाच्या रगतात काय बिघडलं, ते तू पाहशीन का?"

"नाई रे बापा, ते मले नाई समजत," लच्छू म्हणाला. "ज्याले समजते त्या डॉक्टरले इचारू. चाल, मी येतो संगं."

दसरूनं डॅशबोर्डमधली गोळ्यांची डबी काढली. सुगंधाबाईंनी दिलेल्या पाण्याबरोबर रीनानं त्या दिवसाची गोळी घेतली.

मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी चमत्कार करणाऱ्याच्या हाताकडे बघा. आणि त्याच्यावर जळत असाल, तर जरा जास्तच नीट बघा.