बाबांचा होकार

जुनी गाडी भर चौकात बंद पडली आणि पुन्हा सुरू व्हायचं नाव घेईना, तेव्हापासून चष्मेवाल्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. दिवसभर दुकानात बसून लोकांचे नंबर काढणारा हा माणूस, पण आपल्याला कोणती गाडी हवी हे काही केल्या त्याला ठरवता येईना.

खरं तर त्याचा जीव जडला होता हल्ली जिकडेतिकडे दिसणाऱ्या त्या उंच, आखूड एसयूव्हीवर. कशी रुबाबात उभी राहते! पण ज्याला विचारावं तो नवाच भुंगा कानात सोडून जाई. शेजारचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "माझ्याकडे आहे ना. वळणावर अशी कलते की आमची ही माझा दंड सोडत नाही." मेहुणा म्हणाला, "मागे तिघं बसतात ते फक्त जाहिरातीत. मधला कायम रुसलेला." गॅरेजवाल्याने तर हातातला पाना खाली ठेवून सांगितलं, "दिसायला दांडगी, पण आत इंजिन छोट्या गाडीचंच. घरची सगळी मंडळी बसवून चढावर न्या, मग कळेल. वर पेट्रोलही जास्त पिते. तेवढ्याच पैशांत माझ्याकडची ही लांब, बुटकी गाडी घ्या, वापरलेली आहे पण ठणठणीत." हे पटतंय न पटतंय तोच एक बुटक्या गाडीवालं गिऱ्हाईक भेटलं. "वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला हो. तुम्ही आपली उंचच घ्या!"

"तुम्ही आणखी एकाला विचारलंत ना," बायको म्हणाली, "तर मी सायकल घेऊन मोकळी होईन." ती पोहायला शिकवायची. काठावर उभं राहून पाण्याकडे बघत बसणाऱ्यांचा तिला मनस्वी कंटाळा.

"फक्त बाबांना विचारतो. बसायचं त्यांनाच आहे."

बाबांनी उभा जन्म बस चालवण्यात घालवला होता. पण झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. एवढ्या मोठ्या भाषेतला एकच शब्द त्यांच्यापाशी राहिला: हो. जेवता का? हो. खिडकी लावू? हो. मुलाने त्यांना आपल्या घरी आणलं तेही त्या 'हो'वरच. आता त्यांचं स्वतःचं घर विकायला काढलं होतं, गिऱ्हाईकही ठरलं होतं.

"बाबा, ती उंच गाडी बघायला यायचं?"

"हो."

शोरूममधल्या मुलीने हसून दार उघडलं. "ज्येष्ठांना उंच सीट फार सोयीची पडते, काका." पण पुढच्या सीटवर चढताना बाबांचा उजवा पाय आधी टाकावा लागत होता, आणि तो काही उचलेना. चष्मेवाल्याने खालून रेटलं, बायकोने आतून ओढलं, बाबा मध्येच अडकून छताकडे बघत राहिले. शेवटी उलट्या बाजूने, डावा पाय आधी टाकून, ते ड्रायव्हरच्या मागे कसेबसे बसले.

मग चाकांच्या खुर्चीची पाळी आली. घडी घालून ती डिकीत उभी जाईना, आडवी जाईना.

"मागची सीट पाडता येते," मुलगी म्हणाली.

"आणि मी कुठे बसू?" चष्मेवाल्याने विचारलं.

अर्धी सीट पाडली, खुर्ची आत सरकवली आणि चष्मेवाला खुर्ची आणि बाबा यांच्या मध्ये पोटाशी गुडघे घेऊन बसला. मुलगी पुढे बसली, बायकोने गाडी काढली.

"इथे उंचावर बसून रुबाबदार वाटतंय हो," बायको खुशीत म्हणाली. "पण मागचं काहीच दिसत नाही. एवढीशी काच, नि त्यात तुमचं डोकं." खड्ड्यातून गाडी गेली की सगळे टणकन उडत. चढावर इंजिन कुरकुरायला लागलं, मग उताराची नागमोडी वळणं आली.

"हो," बाबा म्हणाले.

"आवडली वाटतं!" मुलगी वळून म्हणाली.

"हो. हो!" बाबांचा आवाज चढला. "हो! हो!"

कित्येक महिन्यांत ते इतक्या जोरात बोलले नव्हते. चष्मेवाल्याचा ऊर भरून आला. "अगं, जरा पळव, मजा येतेय त्यांना!" बायकोने पळवली. आणि पुढच्याच वळणावर बाबांनी सकाळचं सगळं पोटातलं स्वतःच्या, मुलाच्या आणि कोऱ्या सीटच्या अंगावर ओतलं.

गाडी कडेला लागली. मुलीने कपाळाला हात लावला, पण पाण्याची बाटली तीच आधी घेऊन आली.

"बाबा, थांबा म्हणत होतात का?" चष्मेवाल्याने त्यांचं तोंड पुसत विचारलं.

"हो."

"की गाडी आवडली म्हणून?"

"हो."

मग त्याला एकेक होकार आठवायला लागला. जेवता का, हो. खिडकी लावू, हो. आमच्याकडे राहाल ना, घर विकू ना... हो. हे सगळे होकार आपण कशाच्या जोरावर धरून चाललो होतो?

शोरूमबाहेरच्या बाकापाशी परत आल्यावर तो बाबांसमोर उकिडवा बसला. दुकानात तो गिऱ्हाइकाला दोन भिंगं दाखवून विचारतो, आधीचं बरं की आताचं, तसेच त्याने दोन्ही हात पुढे केले. "या हातात ही उंच गाडी. या हातात गॅरेजवाल्याची बुटकी." बाबांनी डाव्या हाताने बुटकीचा हात दाबला. त्याने हात बदलून पुन्हा विचारलं. पुन्हा बुटकीच.

"घ्या," बायको म्हणाली. "एवढी तरी वाट सापडली."

चष्मेवाल्याचे हात मात्र तसेच पुढे राहिले. "बाबा, या हातात आमचं घर. या हातात तुमचं."

बाबांनी एकदा या, एकदा त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या घराचा हात धरला. त्याने हात बदलले. बाबांनी पुन्हा तोच हात धरला, पण आता त्यात मुलाचं घर होतं.

"म्हणजे?" तो बायकोकडे वळला. "दोन्ही हवीत? की दमलेत? की नुसता माझा हात धरलाय?"

"मला काय विचारता!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्याने घराच्या गिऱ्हाइकाला फोन करून चक्क नाही सांगितलं. बुटकी गाडी घेतली. बाबा तिच्यात सहज सरकतात, खुर्ची डिकीत जाते, तो बायकोशेजारी पाय पसरून बसतो. सुट्टीच्या दिवशी तिघं बाबांच्या घरी जातात, खिडक्या उघडतात, चहा करतात. निघायची वेळ झाली की तो विचारतो, "बाबा, निघायचं ना?"

"हो," बाबा म्हणतात. कधी कधी ते खुर्चीचा ब्रेक घट्ट दाबून धरतात, कधी नाही धरत. धरला तर तो आणखी एक कप चहा टाकतो, आणि ब्रेककडे बघत बसतो.