परत येणारी पुस्तके

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून चौतीस वर्षांनी निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सहकारी 'पुरावासाहेब' म्हणत. चहा गरम आहे असे कोणी सांगितले, तरी ते आधी कपाला बोट लावून पाहत.

घरातील पुस्तकांबाबत मात्र पुरावा त्यांच्याविरुद्धच होता. कपाटे भरली होती, पलंगाखालची जागा भरली होती आणि परवा पत्नीने पिठाचा डबा उघडला, तर आत भूकंपांवरील ग्रंथ निघाला.

"रविवारी दहाला रद्दीवाला येतोय," पत्नीने जाहीर केले. "त्याआधी कुणी परक्यानं वाचायला नेली तर नेली. माणसानं हं, वाळवीनं नव्हे!"

तराजूसमोर आयुष्य घालवलेल्या साहेबांनाही पुस्तके वजनावर जावीत ही कल्पना सोसवेना. त्यांनी प्रयोग आखला: दहा ठिकाणी दहा पुस्तके ठेवायची, अनोळखी माणसाने पुस्तक उचलावे, वाचावे, पुढच्यासाठी ठेवून द्यावे.

पण बाटली असो वा पुस्तक, चिठ्ठी डकवल्याशिवाय त्यांच्या हातून काही सुटत नसे. प्रत्येक मुखपृष्ठावर नमुना क्रमांक, तारीख, वेळ, सही आणि पूर्ण पत्ता आला. 'वाचा आणि पुढे द्या' यासाठी जागाच उरली नाही; ते त्यांनी शेवटच्या पानावर लिहिले.

पहिला आला न्हावी. "साहेब, दुकानात पुस्तक विसरलात."

"विसरलो नाही. मुद्दाम ठेवलं."

"सगळे असंच म्हणतात," न्हावी समजुतीने म्हणाला. "गेल्या महिन्यात एकजण कवळी मुद्दाम ठेवून गेला होता."

मग बसचा वाहक दोन बसमध्ये सापडलेली दोन पुस्तके घेऊन आला. त्यामागोमाग दवाखान्यातील परिचारिका आली. तिच्या हातांत मोजे होते आणि गाठ मारलेल्या पिशवीत नमुना क्रमांक सहा होता.

"काका, कसला नमुना हा? सगळे पेशंट बाकावरून उठून उभे राहिले."

"कादंबरी आहे ती, बाई."

"तपासलीत?"

"दोनदा वाचली."

"मग काय निघालं?"

"शेवटी दोघांचं लग्न होतं."

परिचारिकेने तरीही मोजे काढले नाहीत.

शनिवारपर्यंत दहाच्या दहा पुस्तके परतली. शिवाय धोबी स्वतःची चार जुनी घेऊन आला. साहेब पुस्तके गोळा करतात, असे त्याच्या कानावर आले होते.

"दहा गेली, चौदा आली," पत्नी म्हणाली. "अजून थोडे प्रामाणिक लोक भेटले, तर आपल्याला जिन्यात झोपावं लागेल."

रविवारी सकाळी साहेबांनी नमुना क्रमांक सहावरची चिठ्ठी भिजवून काढली, कादंबरी बागेतल्या बाकावर ठेवली आणि समोरच्या बाकावरून निरीक्षण आरंभले. तिघांनी ती उचलली आणि तिघांनीही इमानेइतबारे त्यांच्याच हातात आणून दिली.

त्यांना बोलवायला आलेल्या पत्नीने कपाळावर हात मारला. "अहो, असे डोळे वटारून बसलात, तर चोरसुद्धा परत आणून देईल! द्या इकडे. लोकांना आधी कुणीतरी वाचताना दिसावं लागतं."

तिने समोरच्या बाकावर बसून मधलेच पान उघडले. पाच मिनिटांनी ती खुदकन हसली. दहाव्या मिनिटाला तिने पदराने डोळे पुसले. गळ्यात टेप अडकवलेली एक शिंपीण जाता जाता थबकली.

"काय आहे हो त्यात?"

"थांबा हो! ती आत्ता सासूच्या चपला घालून पळालीय."

"अगं बाई! मग मला कधी देणार?"

"संपल्यावर."

"बसते मी," म्हणत शिंपीण टेकली आणि मान वाकडी करून वाचू लागली.

साडेदहाला रद्दीवाला तराजू घेऊन बागेतच शोधत आला. "ताई, घराला कुलूप आहे. पुस्तकं न्यायची ना?"

"थांबा, मला ह्या बाईंना विचारायचंय आधी," शिंपीण पत्नीच्या आधीच म्हणाली. "बाकीची पण अशीच आहेत का? मला हवीत."

"आणि मला आधी," पत्नी मान वर न करता म्हणाली.

साहेबांनी वही काढली. अनोळखी वाचक: एक. पत्नीला अनोळखी धरावे का, हा नियमांचा प्रश्न होता. पण लग्नाच्या अडतीस वर्षांत तिला असे हसताना त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी 'एक' खोडून 'दोन' लिहिले.

रद्दीवाल्याने तराजूचे पारडे गवतावर पालथे घातले आणि त्यावर बैठक मारली.

"मोठ्यानं वाचा, ताई," तो म्हणाला. "आणि पहिल्या पानापासून घ्या."