फोकसपुरता फोटो

येरमाळ्याच्या पुढे हमरस्ता सोडून कच्च्या वाटेने दीड किलोमीटर आत गेले, की एक उघडा माळ लागतो. माळाच्या कडेला हिवराचे एकटे झाड आहे. त्यापलीकडे बालाघाटाच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात. तुळजापूरच्या शाळेतून चित्रकलाशिक्षक म्हणून निवृत्त झालेले वसंतराव गेली अठरा वर्षे आश्विनात फोटो काढायला इथे येत होते. परतीच्या पावसाचे ढग, त्यांतून निसटलेले ऊन आणि सोनेरी पडू लागलेले कुसळी गवत, ही तिन्ही एकत्र येण्याचे दिवस वर्षाकाठी जेमतेम आठ-दहा.

दरवर्षी सोबत पत्नी चारुशीला असे. यंदा मुलगी नीरजा लातूरहून रजा काढून आली होती.

ते कॅमेऱ्याचे तिकाटणे उभे करत असताना शेळ्या वळवत गजराबाई जवळ आली.

"आलात का मास्तर ढगं मोजायला? औंदा बाई कुठं दिसंनात?"

"गेल्या त्या. माघात. तीन दिवस ताप आला फक्त."

गजराबाईने पदर तोंडाला लावला. मग नीरजाकडे बघत म्हणाली, "मागल्या साली म्हनल्या व्हत्या, पुढल्या टायमाला तुला पुरणपोळी आणते. म्या म्हनलं, आदी मास्तरला घाला. ढगाकडं बघून पोट भरतंय व्हय त्येंचं?" ती हसली आणि लगेच ओशाळली. "लई मायाळू बाई," एवढे बोलून ती शेळ्यांमागे गेली.

नीरजा झाडाकडे पाहत होती. "बाबा, हॉलमधला तो ढगांचा फोटो दिवाळीआधी उतरवू. तिथं आईचा लावू. शोधतो म्हणताय, त्याला आठ महिने झाले."

"ऊन येईल आता," वसंतराव म्हणाले.

चारुशीलाच्या चेहऱ्यावर पस्तिसाव्या वर्षी कोड उमटले. तेव्हापासून तिने कुणाला फोटो काढू दिला नाही. नीरजाच्या लग्नाच्या अल्बममध्येही ती कुणाच्या तरी खांद्यामागे होती. मोबाइल समोर आला की तिचा तळहात आडवा होई. तेराव्याला पाटावर ठेवायलाही फोटो मिळाला नव्हता. नुसती समई ठेवली होती.

मात्र या माळावर ती कॅमेऱ्यासमोर उभी राहत असे. प्रकाश येण्याआधी वसंतराव तिला हिवराखाली उभे करत, तिच्यावर फोकस जुळवत आणि उजेडाच्या अंदाजासाठी एक फोटो घेत. मग "हो बाजूला!" अशी हाक देत आणि रिकाम्या माळाचे फोटो काढत. फोकसपुरता काढलेला तो फोटो घरी जाण्याआधी पुसून टाकायचा, ही तिची अट होती. ती त्यांनी सतरा वर्षे पाळली होती.

अठराव्या वर्षी, म्हणजे गेल्या आश्विनात, चारुशीलाने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि झाडाखालून ओरडून सांगितले, "अहो, आजचा राहू द्या. नीरजाला दाखवायचाय."

वीस मिनिटांनी डोंगरावरचा ढग फाटला. तांबूस उजेडाचा पट्टा रांगांवरून सरकत माळावर आला आणि क्षणाक्षणाला रंग बदलू लागला. वसंतराव एकापाठोपाठ एक फोटो घेत गेले. ऐन वेळी कॅमेऱ्यातले कार्ड भरले. एका फोटोपुरती जागा करायला त्यांचा अंगठा सवयीने पहिल्या, तिच्या फोटोवर गेला आणि तो पुसला गेला. त्या जागेवर घेतलेल्या ढगाच्या फोटोला पुढे बक्षीस मिळाले. तोच मोठा करून हॉलमध्ये लावला होता.

परतताना एसटीत तिने विचारले होते, "बरा आलाय का?"

"छान आलाय," ते म्हणाले होते.

चारुशीला गेल्यावर ते कार्ड घेऊन ते सोलापूरला गेले. पुसलेले फोटो परत मिळवून देणाऱ्या माणसाने दोन दिवस खटपट केली. "सर, तिथं दुसरा फोटो बसलाय," तो म्हणाला. "नुसते ढग निघतात."

"बाबा, मी उभी राहते. तुम्ही फोकस लावा." नीरजा झाडाकडे निघाली. खालच्या शिवारात सोयाबीनच्या गंजींवर लोक घाईने प्लास्टिक ओढत होते. पश्चिमेला ढगाच्या कडा पेटू लागल्या होत्या. हिवराखाली पोचून नीरजाने चेहरा उजेडाकडे केला, नेमका आईसारखा. वसंतरावांनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि लगेच काढला.

"नीरजा, इकडे ये."

"ऊन येतंय की!"

"येऊ दे. तू ये."

ती समोर आल्यावर त्यांनी कार्डाबद्दल आणि सोलापूरबद्दल सगळे सांगितले. तिने मध्ये एकच विचारले, "कुठल्या फोटोसाठी?"

"हॉलमधल्या."

उजेड माळावर आला. गवत पेटल्यासारखे झळाळले आणि त्या दोघांच्या सावल्या झाडापर्यंत गेल्या. नीरजा खाली बघत म्हणाली, "आईनं त्याच रात्री फोन केला होता. म्हणाली, सुटी मिळाली की ये, एक गंमत दाखवते. दिवाळीला मी आले नाही." तिने डोळे पुसले. "निदान सांगा तरी. कशी दिसत होती ती? हसत होती?"

वसंतरावांनी आठवून पाहिले. त्या संध्याकाळचे कॅमेऱ्यावरचे उजेडाचे आकडे त्यांना पाठ होते. ढग कुठून फाटला, तेही आठवत होते. चारुशीलाला त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहिले होते, पण दरवर्षीप्रमाणे नजर तिच्या गालावरच्या पांढऱ्या डागाच्या कडेवर होती. ती कड रेखीव दिसली, की फोकस नेमका जुळला असे समजायचे, ही त्यांची पद्धत होती. ओठांपर्यंत त्यांची नजर गेलीच नव्हती.

"हसत होती," असे म्हणणे सोपे होते. एकदा "छान आलाय" म्हणणेही सोपेच गेले होते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

नीरजा वाटेला लागली. उजेड खालच्या शिवारावरून पुढे सरकला आणि हिवराचे झाड पुन्हा काळसर झाले. वसंतराव तिकाटण्याचे पाय मिटू लागले. तिसरा पाय नेहमी अडकत असे. तो चारुशीला धरून ठेवायची. तो काही केल्या मिटेना.