भिंतीलगतची फट

तीस वर्षं तिकिटं तपासलेल्या माणसाला सगळं जग फुकटंच दिसतं. चेकरचंही तेच झालं होतं. निवृत्तीबरोबर नोकरीची खोली सुटणार, म्हणून त्याने मोडीत निघालेली एक बस विकत घेतली आणि तिचंच घर करायला काढलं. बायको कुरकुरत का होईना तयार झाली, पण एका अटीवर: लाकूडकाम तिच्या धाकट्या भावाने करायचं. तिथेच चेकरच्या मनात पाल चुकचुकली.

मेहुणा सुतार होता. कामाला वाघ, पण बोलणं मोजूनमापून. त्याने बसच्या पत्र्यावर फळीला फळी भिडवून जमीन केली, आणि चारी बाजूंना भिंतीलगत बोटभर जागा मोकळी सोडली.

"ही फट कसली?"

"लाकूड फुगतं, दाजी. दमट हवेत त्याला पसरायला जागा लागते. वरून पट्टी मारली की दिसणार नाही."

दिसणार नाही! लबाड माणसाचा पहिला शब्द हाच असतो, हे चेकर अनुभवाने सांगू शकत होता. संध्याकाळी मेहुणा जळणाला म्हणून तुकडे पोत्यात भरून घेऊन गेला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. फळ्या आखूड कापायच्या, उरलेलं लाकूड घरी न्यायचं, वर बहिणीकडून शाबासकी घ्यायची. बायकोला त्याने हे सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. भावाचं नाव निघालं की ती आंधळी व्हायची.

"कडेच्या पट्ट्या मी मारतो," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. बायको बाजारात गेल्यावर त्याने सगळ्या फटींत लाकडाच्या चिपा ठोकल्या, अगदी गच्च, आणि वर पट्ट्या मारून टाकल्या.

मग हवा पंधरा दिवस ओलीचिंब राहिली. फुगलेल्या फळ्यांना सरकायला कुठे जागाच उरली नव्हती. बसची जमीन मधोमध वर आली, कपाटाची दारं अडकली, ओटा कलला. खोली सोडायला आठवडा उरला होता.

"आता राहायचं कुठे हो?" बायको रडकुंडीला आली. तिने भावाला बोलावून घेतलं.

मेहुण्याने एक पट्टी उचकटली. चिपा दिसल्या. त्याने मान वर करून दाजींकडे पाहिलं.

"काय झालंय रे?" बहिणीने मागून विचारलं.

मेहुण्याने चिपा मुठीत लपवल्या. "माझा अंदाज चुकला, ताई. चार दिवसांत नीट करून देतो."

ताईने त्याचा असा उद्धार केला की विचारू नका. तो मान खाली घालून ऐकत राहिला. चेकरला हायसं वाटलं, पण लगेच संशय आला: हा फुकट कशाला बोलणी खाईल? त्याने मेहुण्याला बाहेर गाठलं.

"खोटं का बोललास? काय हवंय तुला?"

"मला काय हवं असणार? माझ्यावर रागावली तर ताई चार दिवस बोलणार नाही. तुमच्यावरचा विश्वास उडाला तर ती कुठे जाईल, दाजी? एवढ्याशा गाडीत तुमच्याबरोबरच राहायचंय तिला."

चेकर आत आला.

"तुमचंच खरं होतं," बायको डोळे पुसत म्हणाली. "सख्खा भाऊ म्हणून मी डोळे मिटून बसले. आता चार दिवस त्याच्या डोक्यावर उभी राहते. एक खिळा नजरेआड होऊ देणार नाही."

'तुमचंच खरं' हे ऐकायला त्याने अख्खा संसार वाट पाहिली होती. सगळं सांगून टाकावं, असं फार वाटलं. तोंडून "हं" एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच भावासमोर स्टूल टाकून बसली आणि त्याच्या हातांवरची नजर तिने हलू दिली नाही. चेकरला लाजेने तिच्याकडे बघवेना.