सभात्याग, पण सावकाश

माझा धाकटा भाऊ विरोधी पक्षाचा खासदार आहे, पण मंत्र्यांसोबत चहा पितो. म्हणून मी त्याला ‘मवाळ’ म्हणते. मी थोरली, सरकारी इस्पितळात परिचारिका, आणि माझं डोकं तापायला काडीसुद्धा लागत नाही.

रात्रपाळीला चाळीस खाटांमागे मी एकटी. मागच्या महिन्यात दोन रुग्ण एकदम अत्यवस्थ झाले. मी एकाकडे धावले, तेवढ्यात दुसरे आजोबा गेले. घरी येऊन मी ताट भिंतीवर फेकलं.

मवाळनं ते बघितलं आणि आरोग्य विधेयकाला दुरुस्ती सुचवली: रात्री प्रत्येक वॉर्डात दोन परिचारिका. आरोग्यमंत्री म्हणाले, तुम्ही विधेयक अडवू नका, मी दुरुस्ती स्वीकारतो. सगळा तोंडी कारभार!

“लबाडाचं आवतण, जेवल्याशिवाय खरं नाही,” मी म्हणाले.

“ताई, अगं भांडून भांडून घसा बसला, एक परिचारिका वाढली नाही. आता जरा बोलून बघू दे की.”

विधेयक सभागृहात आलं त्या दिवशी मी प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. नियम असा, की अध्यक्षांनी नाव पुकारलं तेव्हा दुरुस्ती सुचवणारा सभागृहात नसला, तर ती बाद. आधी मंत्र्यांचं भाषण, आणि त्यांचं भाषण म्हणजे मारुतीचं शेपूट. अर्ध्यातच सत्ताधारी बाकावरून कुणीतरी विरोधी पक्षनेत्यांना टोमणा मारला. नेते ताडकन उठले. “सभात्याग!”

झालं. सगळे विरोधक निघाले, आणि मवाळही निघाला. मेल्या, थांब ना!

तो रांगेत सगळ्यात शेवटी होता. दारापाशी पोचला आणि खाली वाकून चप्पल चाचपायला लागला. आधी डावी, मग उजवी, मग पुन्हा डावी. वरून मला स्वच्छ दिसत होतं, चपलेला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

मंत्र्यांनाही ते दिसलं. हातात अजून कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी तो खाली ठेवला. “अध्यक्ष महोदय, उरलेलं भाषण मी केलं असं समजावं.” आणि चक्क खाली बसले! त्यांच्याच बाकांवरचे दोघेतिघे दचकून जागे झाले.

अध्यक्षांनी लगेच भावाचं नाव पुकारलं. “मांडतो!” तो वाकल्या वाकल्याच ओरडला. “सरकार स्वीकारतं,” मंत्री म्हणाले. आवाजी मतदान झालं, दुरुस्ती मंजूर झाली, आणि मवाळ शिस्तीत दाराबाहेर गेला.

मी धावतच खाली आले. पायऱ्यांवर नेते त्याच्यावर गरजत होते.

“सभात्याग सांगितला होता मी!”

“केला की, साहेब. जरा सावकाश केला.”

नेत्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “पत्रकारांना सांग, दुरुस्ती आपल्या पक्षाची आहे,” म्हणाले आणि गाडीत बसले.

मी मवाळचा कान धरला. “आणि मंत्री बोलतच राहिले असते तर?”

“तर आत थांबलो असतो.”

“पक्षानं हाकललं असतं तुला!”

“हो. माहीत होतं.”

मी कान सोडला. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. भर पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्या खासदारांसमोर, मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले.